मोहाच्या झाडाला लावलेला बोल

‘मोहात पडणे’ हा वाक्प्रचार मोहाच्या झाडावरून आला, असं मी एका दिवाळी अंकात लिहिलं. ते खोटं आहे. लिहिताना ते खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण पडताळून पाहायची साधनं माझ्याच कपाटात होती आणि मी ती उघडली नाहीत. पुढे त्याच वाक्प्रचारानं माझ्याकडून याहून वाईट काम करून घेतलं. ‘करून घेतलं’ म्हणणं हीसुद्धा पळवाटच. ते काम मी केलं.

बालाघाटातल्या मराठी घरांना दोन भाषांत एकदम राहावं लागतं. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आमचा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, बाजारात पोवारी आणि हिंदी, बैहरच्या डोंगरपट्ट्यात गोंडी, आणि घरात आजीची झाडीकडची मराठी. मी नोकरीभर हिंदी शिकवली आणि मराठीत लिहिलं. माझी मराठी घरातून आणि पुस्तकांतून जमवलेली. त्यामुळे नागपूर-पुण्याचा एखादा वाचक ‘हे आम्हाला माहीतच नव्हतं’ असं म्हणाला की मला फार बरं वाटायचं. त्यांच्याकडे नाही असं काहीतरी आपल्या जंगलातून काढून दाखवावं, अशी एक भूकच मला लागलेली होती. तो लेख त्या भुकेतून आला.

मराठीत मोह हा एकच उच्चार दोन गोष्टींसाठी आहे. मनाला भुरळ पडते तो मोह. आणि मार्च-एप्रिलात पहाटेच्या अंधारात ज्याची मांसल, फिकट पिवळी फुलं टपटप गळतात तोही मोह. काही जण त्याला मोहा म्हणतात, पण सामान्यरूप केलं की तेवढाही फरक उरत नाही. मोहाचा वास, मोहाची ओढ, मोहाच्या झाडाखाली. एवढं हाती लागल्यावर पुढचं सगळं मला आपोआप सुचत गेलं. गोंड माणूस पहाटे टोपली घेऊन जातो, वासानं भारावतो, फुलं खातो, झिंगतो आणि झाडाखाली पडतो. अस्वलाचंही तेच होतं. पिढ्यानपिढ्या हे पाहत आलेल्या माणसानं मनाच्या घसरणीला त्याच झाडाचं नाव दिलं, म्हणून आपण मोहात ‘पडतो’. असा तो लेख होता. शेवटाकडे मी असंही लिहिलं होतं की भाषेच्या मुळाशी जाणाऱ्याला जंगलातच यावं लागतं.

लेख आवडला. पत्रं आली, एका संमेलनात तो वाचायला बोलावणं आलं. निबंध स्पर्धेत आमच्याच शाळेतल्या एका मुलीनं ती व्युत्पत्ती जशीच्या तशी सांगितली आणि तिला बक्षीस मिळालं. परीक्षकांत मी होते.

चूक पकडायची पहिली संधी मला फोनवर मिळाली. एका हिंदी नियतकालिकासाठी लेखाचा अनुवाद चालू होता. अनुवादकांनी विचारलं, ‘मैडम, हिंदीत झाड महुआ आहे आणि मन मोहात पडतं. हे दोन शब्द जुळत नाहीत. काय करू?’ मी म्हटलं, कंसात मराठी शब्द द्या आणि पुढे चला. त्या प्रश्नात सगळं उत्तर होतं. शेजारच्या भाषेत जी जोडी मुळातच लागत नाही, ती मराठीत नुसत्या उच्चारानं लागलेली असू शकते, एवढं हिंदी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला कळायला हवं होतं.

खरा प्रकार असा आहे. झाडाचा मोह संस्कृतातल्या मधूकापासून आला. मधूक, प्राकृतात महुअ, तिथून हिंदीत महुआ आणि मराठीत मोह. त्याचं गोत्र मधाचं. मनाचा मोह ‘मुह्’ या धातूचा: भांबावणे, भान हरपणे. मूढ, मुग्ध, मोहन, मोहिनी ही त्याची भावंडं. दोन शब्द दोन वेगळ्या वाटांनी आले आणि मराठीत येऊन एकसारखे दिसू लागले. ‘पडणे’वर मी केवढा भर दिला होता! पण आपण प्रेमातही पडतो, पेचातही पडतो, संकटातही पडतो. माझ्या कपाटात कृ. पां. कुलकर्णींचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ होता, मोल्सवर्थ होता, दाते-कर्व्यांचा ‘वाक्संप्रदाय कोश’ होता. लेख लिहिण्याच्या दिवसांत मी त्यांच्याकडे गेले नाही. उघडले तर काय सापडेल याची मला आतून भीती वाटत असावी. आपलं वाक्य इतकं देखणं झालं होतं की त्याला काही होऊ नये, एवढीच काळजी उरली होती.

दुसरी चूक वनस्पतीची. ताज्या मोहफुलानं झिंग येत नाही. त्यात साखर असते आणि ती भरपूर असते. वाळलेल्या फुलाचं निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वजन साखरेचंच भरतं. दारू व्हायला ते फूल भिजवावं लागतं, आंबवावं लागतं, मग भट्टीवर चढवून गाळावं लागतं. झाडाखाली फुलं खाऊन लोळणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. कोणीच पाहिला नसेल. अस्वल येतं ते गोडासाठी. फुलं वेचणाऱ्यांवर ते हल्ला करतं, कारण पहाटे दोघांनाही एकाच वेळी एकाच झाडाखाली यायचं असतं. अशा हल्ल्यांत आमच्या जिल्ह्यातल्या बायाबापड्या जखमी होतात. माझ्या लेखात ते अस्वल एक गंमत म्हणून आलं होतं.

तिसरी चूक मला माझ्या सहकारी शिक्षिकेनं दाखवली. बैहरकडच्या गोंड घरातल्या त्या. हिंदी अनुवाद त्यांनी वाचला होता आणि बरेच दिवस त्या काही बोलल्या नव्हत्या. मग एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलं, ‘दीदी, त्या लेखातला गोंड माणूस कोण आहे?’

कोणी एक असा नाही, मी म्हटलं.

‘मग त्याच्या घरी बायका नाहीत का? आमच्यात फुलं वेचायला आई जाते, मी जायची, पोरं जातात. बाप झाडाखाली झोपून राहिला असता तर पावसाळ्यात आम्ही काय खाल्लं असतं?’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं की मी हे कुठे पाहिलं. मी कुठेच पाहिलेलं नव्हतं. बालाघाटच्या मराठी-हिंदी मध्यमवर्गात मोह म्हटलं की दारू, आणि गोंड म्हटलं की दारू पिणारा, एवढीच दोन चित्रं लहानपणापासून आमच्या मनात घातलेली असतात. मी ती काढली आणि त्यांना व्युत्पत्तीचं नाव दिलं.

फुलांच्या दिवसांत त्या मला आपल्या गावी घेऊन गेल्या. तिथे जे पाहिलं ते लेखाच्या आधी पाहायला हवं होतं. झाडाखालची जमीन आधी साफ करतात, कारण वाळक्या पाचोळ्यात फूल सापडत नाही. पुष्कळदा पाचोळा जाळतात, ती आग कधीकधी रानात पसरते, आणि त्यावरून वनखात्याशी कटकटी होतात. अंधार असतानाच बायका पोहोचतात आणि उन्हं चढेपर्यंत कंबरेत वाकून वेचतात. शेतातली झाडं ज्याची त्याला, रानातली झाडंही रिवाजानं घराघरांत वाटलेली. शेत काढताना बाकी सगळं तोडलं तरी मोह ठेवतात. फुलं अंगणात पसरतात, ती मनुक्यासारखी आकसतात. थोडी हाटात व्यापाऱ्याला जातात, त्यावर मीठ-तेल येतं; बाकीची ठेवतात. भाजून तिळाबरोबर कुटतात, चिंचोक्यांबरोबर उकडतात, बैलाला चारतात. पुढे उन्हाळा सरता सरता फळं येतात. त्यांच्या बीला आमच्याकडे गुल्ली म्हणतात, तिचं तेल काढतात. दारू होते, तीही मी पाहिली. जन्मात, लग्नात, मयतीत ती आधी देवाला आणि पितरांना देतात. माझ्या सहकारी शिक्षिकेच्या आई फुलांना इरुक म्हणत होत्या. त्या शब्दात कुठे मोह नाही, भुरळ नाही, घसरण नाही.

सगळं गोडच आहे असं सांगायचं नाही. दारूनं मोडलेली घरंही त्या गावात होती आणि शिक्षिकेनं ती लपवली नाहीत. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी या जिल्ह्याला झोडपलं, १८९१ ते १९०१ या दशकात इथली लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. त्या काळात मध्य प्रांतातली रानाकाठची माणसं ज्या थोड्या गोष्टींवर तगली त्यांत मोहफुलं होती. ज्या झाडानं माणसांना मरू दिलं नाही, त्याला मी माणसाला पाडणारं झाड म्हटलं होतं.

हे करणारी मी पहिली नव्हे. १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहफुलांसाठी खास कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडे ती फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधनं आली. समजूत हीच, की मोह म्हणजे दारू. महाराष्ट्रात पुढेही दारूबंदी कायद्यामुळे फुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर बंधनं राहिली, ती राज्य सरकारनं २०२१मध्ये सैल केली. आता मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा दिलाय आणि ती बाटलीत भरून विकायला परवानगी दिलीय. कायदा बदलतो. भाषेतला डाग मात्र कोणत्याही शासन निर्णयानं निघत नाही. तो लिहिणाऱ्यांनी लावलेला असतो आणि त्यांनीच काढावा लागतो.

मी दिवाळी अंकाच्या संपादकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्यांनी ते पुढच्या अंकात शेवटच्या पानांत छापलं. ते किती जणांनी वाचलं असेल ते सांगता येत नाही. पण मूळ गोष्ट अजून फिरते आहे. एका कार्यक्रमात एका तरुण वक्त्यानं ती मलाच, स्वतःचा शोध म्हणून, मोठ्या उत्साहानं ऐकवली. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो नम्रपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘पण मॅडम, कल्पना किती छान आहे!’ मला त्याच्यावर रागावता आलं नाही.

दुरुस्ती लिहायची म्हणजे खरा अर्थ सांगायला हवा, म्हणून मी मोह या शब्दाचा मराठीतला प्रवास वाचायला बसले. हे वाचन मी आधी केलं असतं तर पुढचा सगळा प्रकार टळला असता.

आज आपण मोह म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एखाद्या वस्तूची ओढ म्हणतो. दुसऱ्या लाडवाचा मोह, दुकानातल्या साडीचा मोह, खुर्चीचा मोह. ‘मोह आवरला नाही’ असं मराठी माणूस सहज म्हणतो. हिंदीत त्याच ठिकाणी ‘लोभ संवरण’ करतात. तिथे मोह हा शब्द मायेच्या बाजूचा, घरादाराच्या, लेकरांच्या बंधनाचा. जुन्या मराठीतही तो तिकडेच होता. षड्रिपूंच्या यादीत लोभ आणि मोह हे दोन वेगळे शत्रू म्हणून शेजारी उभे आहेत, हे आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. लोभाला काहीतरी हवं असतं. मोहात सापडलेल्याला काय करावं तेच कळेनासं होतं. अर्जुन रणात बसून गेला तो राज्याच्या लोभानं नव्हे. त्याला राज्य नकोच झालं होतं. समोर आपली माणसं दिसली आणि त्याचे हातपाय गळाले. गीतेच्या शेवटी तो जे गेलं म्हणून सांगतो ते हेच. ज्ञानेश्वरांनी पहिल्या अध्यायात त्याच्या या अवस्थेला भुंग्याचा दृष्टान्त दिला आहे: कोरडं कठीण लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, प्राण जाईल पण ती चिरत नाही. त्या ओव्या मी कॉलेजात असल्यापासून वाचत आले होते. मोहाच्या मुळाशी कोवळीक असते, हे सातशे वर्षांपूर्वी मराठीत इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं असताना माझ्या डोक्यात मोह म्हणजे फक्त हाव उरली होती.

कांचनमृगाचंही तसंच. मराठी गद्यात ‘कांचनमृगामागे धावणे’ म्हणजे फसव्या लाभाच्या मागे लागणे, आणि त्यात दोष नेहमी सीतेच्या हट्टाला. मारीच रूप घेऊन आला होता, रावणानं त्याला पाठवलं होतं, हे त्या वाक्प्रचारात मावत नाही. ‘मधाचं बोट लावणे’ या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. त्यात निदान बोट कोणाचं तरी असतं.

हे सगळं वाचून, टिपणं काढून, दुरुस्ती लिहून झाल्यानंतरही २०२२मध्ये मी पुन्हा तेच केलं.

लांजी आणि किरनापूर हा आमच्या जिल्ह्याचा दक्षिणेकडचा, गोंदियाला लागून असलेला भाग. धानाची शेती, कापणी झाली की नागपूर-रायपूरकडे मजुरीला जाणारी माणसं. तिथे ‘डबल मनी’ नावानं एक धंदा चालला होता: पैसे द्या, ठरलेल्या मुदतीत दुप्पट घ्या. मे २०२२मध्ये पोलिसांनी धाडी घातल्या, अटका केल्या, सुमारे १० कोटींची रोकड जप्त केली. नोटांच्या गड्ड्यांचे फोटो सगळीकडे आले. एका स्थानिक अंकासाठी मला लिहायला सांगितलं आणि मी ‘मोहाचे बळी’ या मथळ्याचा लेख एका बैठकीत लिहून दिला.

त्यात कांचनमृग होता. बोस्टनमध्ये १९२० साली ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं वचन देणारा चार्ल्स पाँझी होता. नव्या ठेवीदाराच्या पैशांतून जुन्याला देत राहायचं, हा डाव त्याच्याच नावानं ओळखला जातो. अशा ठेवी गोळा करण्यावर केंद्रानं २०१९मध्ये बंदीचा कायदा केला, तोही होता. माहिती बरोबर होती. पण पाच परिच्छेद मी लोकांच्या हव्यासावर खर्च केले. कष्टाशिवाय पैसा हवा झाला आहे, बापजाद्यांचा संयम गेला आहे, वगैरे. पैसे गोळा करणाऱ्यांवर एकच वाक्य होतं.

अंक निघाल्यावर काही दिवसांनी लांजीकडच्या एक बाई घरी आल्या. माझ्या माहेरच्या ओळखीच्या. वर्षानुवर्षं आमच्याकडे तांदूळ आणून देत. नातवाकडून त्यांनी लेख वाचून घेतला होता, आणि अंक पिशवीत घडी घालून आणला होता.

‘बाई, हे माह्यावर लिवलं का जी?’

मी म्हटलं, नाही, तुमच्यावर नाही, सगळ्यांवर.

‘त्या सगळ्याइत मी बी आहो.’

मग त्यांनी सांगितलं. लेक नवऱ्यानं सोडून दिल्यामुळे दोन मुलांसह घरी परत आलेली. तिला एक खोली बांधून द्यायची होती, भावांच्या दारात तिनं उभं राहू नये म्हणून. धान विकून आलेले आणि बचत गटातून उचललेले पैसे होते. गावातल्या लोकांना दुप्पट मिळत होते, हे त्यांनी ऐकलं, पण ऐकून दिले नाहीत. शेजारणीला परत आलेले पैसे त्यांनी स्वतः मोजले. आणखी एक हंगाम वाट पाहिली. मग दिले. त्यांना काही परत मिळालं नव्हतं.

मी त्यांना जेवायला वाढलं. दुसरं काही सुचलं नाही. त्या गेल्यावर मी माझाच मथळा वाचत बसले. बळी म्हटलं की कापणारा असतोच. पण ‘मोहाला बळी पडले’ म्हटलं की कापणारा मोह होतो, आणि सुरी धरलेला माणूस वाक्यातून नाहीसा होतो. वर तो मोह बळी जाणाऱ्याच्याच मनात बसलेला, म्हणजे मारणारा आणि मरणारा एकच. इतका सोयीचा वाक्प्रचार फसवणाऱ्याला दुसरा मिळणार नाही. आणि त्या बाईच्या बाबतीत मोह शब्द लावायचाच, तर तो ज्ञानेश्वरांच्या अर्थानं लागत होता. कोवळी कळी होती ती, लेकीची खोली. मी लावला तो लाडवाच्या अर्थानं.

यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात सागाच्या झाडांवर पैसे गुंतवायच्या योजना निघाल्या होत्या. आज काही हजार द्या, तुमच्या नावाची रोपं लागतील, वीस वर्षांनी लाखो रुपये. अशा एका योजनेत मी पैसे घातले. सागाच्या रानांच्या जिल्ह्यात मी लहानाची मोठी झाले. चांगल्या लाकडाचा साग व्हायला वनखातं किती दशकं थांबतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी घातले. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, अर्जात कारण ‘घरदुरुस्ती’ असं लिहिलं. नवऱ्यालाही तेच सांगितलं असतं तर निदान घर तरी दुरुस्त झालं असतं. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. हिरव्या वेलबुट्टीचं एक प्रमाणपत्र आलं, ते मी साड्यांच्या खाली ठेवलं. त्या पावसाळ्यात मागची खोली गळत होती आणि सासूबाई तिथे पातेली मांडत होत्या. पुढे अशा योजनांसाठी सेबीचे नियम १९९९मध्ये आले, तोवर माझी रोपं लावणारे कुठे गेले ते कळलंही नव्हतं.

मला गरज नव्हती. पगार होता, पेन्शन ठरलेली होती. शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षिकेचं दुमजली घर झालं होतं आणि माझं झालं नव्हतं, एवढंच कारण होतं. लोभ हा शब्द ज्याला नेमका बसतो असं ते होतं. म्हणजे ज्या दोघींनी दुप्पट-चौपट पैशांच्या आशेनं पैसे दिले, त्यांतल्या जिच्यात हाव होती तिनं लेख लिहिला आणि जिच्यात नव्हती तिच्यावर तो लिहिला गेला. २०२२चा लेख लिहिताना ते प्रमाणपत्र मला एकदाही आठवलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. ते आठवत होतं. म्हणूनच वाक्यं इतकी कडक होत गेली.

‘बापजाद्यांचा संयम’ हे शब्द माझ्या हातून कसे उतरले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तयार वाक्प्रचार हाताशी असला की लेखणी आपल्या माणसांवरून, आपल्या घरावरून न थांबता पुढे जाते. मोह, बळी, हव्यास, कांचनमृग: हे शब्द इतके जुने आणि भारदस्त आहेत की ते वापरणारा आपोआप किनाऱ्यावर उभा राहिल्यासारखा दिसतो. माझ्या दोन्ही लेखांत मी किनाऱ्यावर होते. एकदा गोंड माणूस झाडाखाली पडला, एकदा लांजीची माणसं पडली. मी दोन्ही वेळा उभी होते.

नवा लेख लिहायला घेतला तेव्हा संपादक म्हणाले, विषय जुना झाला. पण लिहिला, आणि तो हा. सागाचं प्रकरण घालायचं की नाही यावर बरेच दिवस गेले. नवरा आता नाही. मुलांना हे छापून येण्याआधी सांगितलं. धाकटी काही बोलली नाही, थोरल्यानं गळक्या खोलीबद्दल एकच प्रश्न विचारला आणि तो बरोबर होता.

लांजीच्या बाईंना त्यांच्याबद्दलचा भाग मी वाचून दाखवला. त्यांची ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही, तरी त्यांना विचारल्याशिवाय छापायचं नव्हतं. त्या पाय पसरून, भिंतीला टेकून ऐकत होत्या. लेकीच्या खोलीपाशी त्यांनी मान हलवली. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं की ही भोळी बाई फसवली गेली. तिथे त्यांनी मला हात करून थांबवलं.

‘भोळी नका लिवू जी. मी पैसे मोजून पायले होते. तुमच्याइनं मोजले होते का?’

मी नव्हते मोजले. भोळी हा शब्द मी तिथेच खोडला. त्या जागी काय यायला हवं तेही त्यांनीच सांगितलं, आणि वर ते त्यांच्या सांगण्यानुसार आलं आहे: पैसे कुठून आणले, कोणाचे मोजले, किती थांबल्या, मग दिले.